लढाईच्या दिवसांत घर कसं चाललं? नागपुरातल्या थोरांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या तर

७ मे २०२५ला देशभर हवाई हल्ल्याच्या तयारीचं मॉक ड्रिल झालं. आम्ही नागपूरच्या महाल भागातल्या घरी टीव्ही बघत होतो. पडद्यावर भोंगा वाजला आणि माझी चौऱ्याहत्तर वर्षांची मावशी सोफ्यावरून उठून खिडकीशी गेली. "वरच्या तावदानाला लाव आधी, तिथूनच उजेड जाते," म्हणाली. काय लावायचं, ते आम्हाला कोणालाच कळलं नाही. ती ब्लॅकआउटच्या काळ्या कागदाबद्दल बोलत होती, विमानातून उजेड दिसू नये म्हणून खिडक्यांना लावायच्या. १९७१च्या डिसेंबरातल्या.

त्या दिवसापासून मी तिच्या आठवणी रेकॉर्ड करायला लागलो. नंतर शेजारच्या काकू, त्यांचे मोठे दीर, कामठीतले एक आजोबा, असे सात जण झाले. सुरुवातीच्या चुकांमध्ये बरंच काही वाया गेलं, आणि त्यातलं काही आता परत मिळणार नाही, कारण सांगणारं माणूसच राहिलं नाही. तुमच्या घरात अजून कोणी असेल तर हे वाचा आणि याच महिन्यात सुरू करा. १९७१ साली वीस वर्षांचा असलेला माणूस आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. दुसरं महायुद्ध समजत्या वयात पाहिलेले तर नव्वदीच्या पुढे गेलेत.

१. कोणती लढाई, ते आधी स्वतःला पाठ करा

बोलणारी व्यक्ती साल सांगत नाही, "लढाई झाली तेव्हा" एवढंच म्हणते. कोणती, ते आपल्याला ओळखता आलं पाहिजे. एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

- दुसरं महायुद्ध: सप्टेंबर १९३९ ते ऑगस्ट १९४५. तेव्हा नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती.
- चीन: २० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर १९६२. २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली. त्या वर्षीची दिवाळी लढाई चालू असतानाच आली.
- पाकिस्तान: १९६५चा ऑगस्ट-सप्टेंबर. २३ सप्टेंबरला युद्ध थांबलं.
- बांगलादेश: ३ ते १६ डिसेंबर १९७१.
- कारगिल: १९९९चा मे ते जुलै. ही टीव्हीवर पाहिलेली लढाई, तिच्या आठवणी वेगळ्या असतात.

सगळ्यात मोठा घोटाळा "आणीबाणी" या शब्दाने होतो. आपल्याला तो शब्द ऐकला की १९७५ आठवतं. पण १९६२ची आणीबाणी जानेवारी १९६८पर्यंत चालू होती, आणि १९७१च्या लढाईत पुन्हा जाहीर झाली. काकूंचे दीर "आणीबाणीत सोनं दिलं" म्हणाले, तेव्हा मी मनात १९७५ धरून पुढचे अर्धा तास चुकीचे प्रश्न विचारत बसलो. ते १९६२च्या राष्ट्रीय संरक्षण निधीबद्दल सांगत होते.

दुसरा घोटाळा दुष्काळाचा. १९७१ची लढाई आणि १९७२चा दुष्काळ लागून आले. लाल मिलो (अमेरिकेतून आलेली ज्वारी), सुकडी (दुष्काळी कामांवर मिळणारं कोरडं खाणं), रेशनच्या रांगा या गोष्टी आठवणीत लढाईला चिकटतात. सांगणाऱ्याला थांबवू नका, वहीत खूण करून ठेवा.

२. कोणाला विचारायचं

घरात "लढाईबद्दल विचारायचंय" म्हटलं की सगळे आजोबांकडे बोट दाखवतात. आजोबा याह्याखान, भुत्तो, अमेरिकेचं सातवं आरमार सगळं सांगतात. ते पेपरातही आहे. ते ऐका, पण तिथे थांबू नका. घासलेट किती मिळायचं, अंधारात स्वयंपाक कसा उरकायचा, लहान मूल रात्री रडलं तर काय करायचं, हे आजीला माहीत आहे. तिला आजवर कोणी विचारलेलं नाही, म्हणून ती आधी "मला काय माहीत, त्यांनाच विचार" असंच म्हणेल. दोनदा म्हणेल. तिसऱ्यांदा विचारा, आणि शक्यतो आजोबा फिरायला गेले असताना.

आपल्या आळीबाहेरही जा. कामठी ही जुनी छावणी, महार रेजिमेंटची दुसरी बटालियन महायुद्धाच्या काळात तिथेच उभी राहिली. त्या भागातल्या घरांमध्ये रंगरूट भरतीच्या गोष्टी आजोबा-पणजोबांपासून चालत आलेल्या आहेत. जरीपटक्यातल्या सिंधी घरात १९७१बद्दल विचारलंत तर गोष्ट १९४७पासून सुरू होईल. तिथूनच सुरू होऊ द्या. एखाद्या मुस्लिम घरात त्या दिवसांतल्या संशयाच्या नजरांची आठवण निघू शकते. ती निघाली तर पूर्ण ऐका, आणि ती रेकॉर्डमध्ये ठेवायची की नाही हे त्यांना ठरवू द्या.

३. काय काय लागतं

खर्च जवळपास काहीच नाही.

- मोबाइल, त्यातलं आवाज रेकॉर्ड करायचं ॲप, आणि निदान दोन-तीन जीबी रिकामी जागा
- चार्जर किंवा पॉवर बँक
- वही आणि पेन (मोबाइलवर टिपणं घेऊ नका, समोरच्याला वाटतं तुम्ही मेसेज बघताय)
- कॉलरला लावायचा छोटा माइक मिळाला तर उत्तम
- वस्तूंचे फोटो काढायला पांढरी स्वच्छ चादर आणि मापाला सहा इंची पट्टी
- संमतीचा कागद
- जुन्या तारखा बघायला पंचांग, इंटरनेटवरचं चालतं

४. वेळ आणि खोली

मी मे महिन्यात सुरू केलं, ही माझी पहिली चूक. नागपूरच्या मेमध्ये कूलर बंद करून म्हाताऱ्या माणसाला बसवता येत नाही, आणि कूलर चालू असेल तर रेकॉर्डिंगमध्ये फक्त कूलरच ऐकू येतो. मावशीचे पहिले दोन तास असे गेले. कानाला तेव्हा जाणवलं नाही, कारण आपल्याला त्या घरघरीची सवय झालेली असते. म्हणून आधी दोन मिनिटं रेकॉर्ड करा, हेडफोन लावून ऐका, मग पुढे जा.

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. पंखा लागत नाही. सकाळी नाश्ता झाल्यावर, दहाच्या सुमारास बसा. कुकर लावायच्या आधी किंवा उतरल्यावर. दुपारच्या झोपेला हात लावू नका. एका बैठकीला पाऊण तास पुरे, मग चहा. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकायला विसरू नका. एक फोन आला की काही मोबाइलमध्ये रेकॉर्डिंग तिथेच थांबतं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

५. संमती आधी, गप्पा नंतर

घरचं माणूस असलं तरी विचारा. साधा कागद पुरतो: "मी माझ्या आठवणी स्वखुशीने सांगत आहे. त्या कुटुंबात ऐकवायला / लिहून छापायला / ग्रंथालयात ठेवायला माझी हरकत नाही." जे नको असेल ते खोडायचं, तारीख, सही. सही जमत नसेल तर रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच तोंडी विचारा आणि उत्तर रेकॉर्ड होऊ द्या.

एक सूचना महत्त्वाची. १९६२नंतर आपल्याकडे संरक्षण उत्पादनाचे कारखाने आले, भंडाऱ्याची आणि अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी त्यातल्याच. तिथे नोकरी केलेले खूप लोक शहरात आहेत. त्यांना आत काय बनायचं, किती बनायचं, हे विचारू नका, आणि त्यांनी आपणहून सांगितलं तरी ते कुठे टाकू नका. कॉलनीतलं आयुष्य, पाळी, डबा, बस, रात्रपाळीला गेलेल्या बापाची वाट पाहणारी मुलं, याबद्दल विचारा. विमानतळ, छावणी अशा ठिकाणी आठवणींसाठी म्हणून फोटो काढत फिरू नका.

६. प्रश्न: लढाई बाजूला ठेवा, हात आठवू द्या

"लढाईत काय झालं?" असा प्रश्न विचारला की उत्तर येतं, "काही नाही, ब्लॅकआउट होता." संपलं. हे मला चार वेळा मिळालेलं उत्तर आहे.

मग एक दिवस मी सीताबर्डीवरून काळ्या कागदाचे चार ताव आणले आणि मावशीच्या पुढ्यात ठेवले. बोललो काहीच नाही. तिने एक ताव उचलला, कडेला दोन बोटं दुमडला, नखाने दाबत घडी पक्की केली, परत दुमडला. "नुसता चिटकवला तर सकाळी फाटते. असा दुहेरी काठ केला की खिळ्यावर अडकवता येते, सकाळी काढता येते." खळ मैद्याची की तांदळाची, तर तांदळाच्या पेजेची, कारण मैदा रेशनचा. कंदिलाच्या काचेला कागद गुंडाळून समोर बोटभर फट ठेवायची. ती फट भिंतीकडे करायची की जेवणाच्या पानाकडे, यावरून तिची आणि तिच्या आईची रोज वादावादी. आई म्हणायची पानाकडे, जेवणाऱ्याला दिसलं पाहिजे. मावशीला अभ्यास करायचा असे, ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. काच मात्र संध्याकाळी चारलाच राखुंडीने लख्ख करून ठेवायची, कारण अंधारात पुसायला गेलं तर फुटते आणि नवी मिळत नाही. हे सगळं सांगताना तिचे हात हवेत काच पुसत होते. चार बैठकांत जे निघालं नव्हतं ते एका कागदाच्या तावाने काढलं.

म्हणून प्रश्न असे विचारा:

- संध्याकाळचं जेवण किती वाजता व्हायचं? एरवी किती वाजता?
- रात्री पाणी, संडास, गोठा यासाठी बाहेर जावं लागलं तर?
- बातम्या कुठे ऐकायचात? रेडिओ कोणाच्या घरी होता, आणि तिथे कुठे बसायचात?
- पगारातून, फीमधून काही कापलं गेलं का?
- शाळेत काय करायला सांगितलं? (स्वेटर विणणं, पैसे गोळा करणं, प्रथमोपचार)
- काय मिळेनासं झालं? त्याऐवजी काय वापरलंत?
- स्टेशनवर जवानांच्या गाड्या पाहिल्यात का? कोणी काय नेऊन दिलं?
- घरातून, वाड्यातून कोणी फौजेत होतं का? त्यांचं पत्र किती दिवसांनी यायचं?

१९६२साठी सोन्याबद्दल जरूर विचारा. लोकांनी संरक्षण निधीला दागिने दिले, आणि लगेच जानेवारी १९६३मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरटच्या वर दागिने घडवायला बंदी आली. इतवारीच्या सराफ्याशी संबंध असलेल्या घरात ही आठवण लढाईपेक्षा मोठी आहे, कारण सोनारांचं काम बसलं. १९६५साठी सोमवारच्या रात्रीच्या उपासाबद्दल विचारा. शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळ जेवण सोडायला सांगितलं होतं. "तुम्ही सोडलंत का?" एवढ्यावर थांबू नका. मुलांना सोडायला लावलं का, त्या रात्री चूल पेटायची का, आणि हे किती आठवडे टिकलं, ते विचारा.

साल आठवत नसेल तर नागपूरच्या खुणा वापरा. "मारबतीच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पुतळ्यांची मिरवणूक) आधी की नंतर?" "त्या वर्षी बडगे (त्या मिरवणुकीतले थट्टेचे पुतळे) कोणाचे निघाले होते?" "गणपती घरात होते का?" १९६५ची लढाई पेटली ती गणपतीच्या दिवसांत, त्यामुळे हा प्रश्न लगेच लागू पडतो. "तेव्हा तू कितवीत होतीस?" हाही हमखास प्रश्न.

आणि गप्प बसायला शिका. उत्तर संपलं असं वाटलं की मनात दहा मोजा. बहुतेक वेळा खरी गोष्ट सातव्या-आठव्या आकड्याला येते.

७. दुखऱ्या जागी

काकूंचा भाऊ १९७१च्या लढाईत गेला. मी त्यांना विचारलं, "तार आली तेव्हा काय वाटलं?" असं विचारायला नको होतं. त्या उठून आत गेल्या, आणि पुढचे दोन महिने त्यांनी तो विषय काढला नाही. नंतर त्यांनीच एकदा जिन्यात थांबवून सांगितलं, की तारवाला दोन घरं सोडून सायकलवरून उतरला आणि उरलेलं अंतर चालत आला. तेवढंच. मी ते रेकॉर्ड केलेलं नाही, त्यांना विचारून इथे लिहिलंय.

अशा घरी माणसाबद्दल विचारा, मरणाबद्दल नाही. त्याला काय खायला आवडायचं, सुट्टीवर आला की कुठे जायचा. डोळ्यांत पाणी आलं तर मोबाइल उचलून सर्वांसमोर रेकॉर्डिंग बंद करा, तोंडाने सांगा की बंद केलंय. पुन्हा सुरू करायचं की नाही ते त्यांच्यावर सोडा.

८. वस्तू आणि कागद

गप्पा रंगल्या की ट्रंक उघडते. पुढील गोष्टी निघाल्या तर फेकू देऊ नका:

- भोकाचा पैसा. धातू वाचवायला १९४३ ते १९४७ या वर्षांत पाडला होता.
- रेशनकार्ड, रेडिओ लायसनचं पोस्टाचं पुस्तक
- संरक्षण निधीची पावती, सुवर्ण रोख्याचा कागद
- १९७१च्या नोव्हेंबरनंतरची पत्रं. त्यांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी निर्वासित मदतीचं पाच पैशांचं जादा तिकीट दिसेल. पूर्व बंगालमधून आलेल्या सुमारे एक कोटी निर्वासितांसाठी तो कर होता. तिकीट सोडवायला पाण्यात घालू नका, पाकिटासकट ठेवा.
- फौजेतली पत्रं. पत्त्यात "९९ एपीओ" (फौजेचं टपाल ऑफिस) असेल तर माणूस पूर्वेकडे होता, "५६ एपीओ" असेल तर बहुधा पश्चिमेकडे.

फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता काढा. मागची बाजू पण काढा, तारीख बहुधा तिथेच असते. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. आमच्या घरातली एक पावती कोणीतरी प्रेमाने लॅमिनेट करून ठेवली होती, शाई आतल्या आत पुसट झाली. कसर लागू नये म्हणून स्वच्छ सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा, जमिनीलगत नाही.

९. पडताळा, पण उलटतपासणी नको

मावशी म्हणाली, "पहिल्या रात्री असं टिपूर चांदणं होतं की बाबा म्हणाले, दिवे मालवून काय उपयोग." मला वाटलं हे नंतर रंगवलेलं असणार. पंचांग काढलं. २ डिसेंबर १९७१ला पौर्णिमा होती, ३ तारखेच्या संध्याकाळी लढाई सुरू झाली. चोपन्न वर्षांपूर्वीचं चांदणं तिच्या बरोबर लक्षात होतं.

उलटही होतं. दीर म्हणाले, "लढाई सुरू झाल्याचं दुसऱ्या दिवशी दैनिक लोकमतमध्ये वाचलं." लोकमत दैनिक म्हणून नागपुरातून सुरू झालं १५ डिसेंबर १९७१ला, म्हणजे ढाक्याच्या शरणागतीच्या आदल्या दिवशी. त्यांनी वाचलं असेल ते शरणागतीचं. मी त्यांना तिथे चुकीचं ठरवलं नाही. लिहिताना त्यांचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं आणि खाली माझी टीप दिली. तुम्हीही असंच करा.

"भोंगा" या शब्दाकडेही लक्ष द्या. एम्प्रेस मिलच्या परिसरात वाढलेल्या माणसाचा भोंगा रोजचा, पाळीचा असतो. सायरन वेगळा. कोणता, ते विचारून घ्या. तसंच ब्लॅकआउट सरावाचा होता की आदेशाचा, हे माणसांना आठवत नाही. ते त्या तारखांच्या वर्तमानपत्रात शोधा. जुन्या ग्रंथालयांत वर्तमानपत्रांच्या बांधीव फाइली असतात. महायुद्धाच्या काळातली सरकारी कागदपत्रं बघायची असतील तर राज्याच्या पुराभिलेख विभागाचं कार्यालय नागपुरात आहे. जाताना ओळखपत्र आणि नेमकं काय बघायचंय याचा अर्ज न्या. "युद्धाचं सगळं दाखवा" म्हटलं तर हात हलवत परत याल. खातं, महिना, साल लिहा. आपत्कालीन मदतीचं प्रशिक्षण देणारी संस्था नागपुरात १९५७ला सुरू झाली, पुढे ती नागरी संरक्षणाचं प्रशिक्षण देणारं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली गेली. वॉर्डन किंवा होमगार्ड राहिलेले कोणी भेटले, तर प्रशिक्षण कुठे झालं ते नक्की विचारा.

१०. लिहून काढताना भाषा सुधारू नका

१९६२बद्दल सांगताना "मी तेव्हा सहावीत होती" असं मावशी म्हणते. मी पहिल्यांदा उतरवलं तेव्हा हात आपोआप "होते" लिहून गेला. "उजेड जाते"चं "उजेड जातो" झालं. वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "हे कोण बोलते? मी नाही." सगळं परत लिहिलं. "करून राहिलो", "काऊन", "खिडक्याइले" जसं आलं तसं ठेवा. मोबाइल आपोआप मजकूर करून देतो, त्याला आपली बोली नीट कळत नाही. त्याचा कच्चा खर्डा घ्या, पण एकेक ओळ ऐकून दुरुस्त करा. एका तासाच्या रेकॉर्डिंगला पाच-सहा तास लागतात हे धरून चाला.

११. जपणं आणि परत ऐकवणं

फाइलचं नाव त्याच दिवशी बदला: तारीख, नातं, बैठकीचा क्रमांक. तीन ठिकाणी ठेवा: मोबाइल, पेनड्राइव्ह, आणि दुसऱ्या घरी राहणाऱ्या भावंडाकडे. फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका, मोबाइल बदलला की ती फाइल उघडेलच असं नाही.

शेवटी पूर्ण रेकॉर्डिंग सांगणाऱ्याला ऐकवा, आणि ऐकवताना दुसऱ्या मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. मी मावशीला काळ्या कागदाची ती बैठक ऐकवली. ती डोळे मिटून ऐकत होती, मध्येच हात वर करून म्हणाली, "थांब. कागद नंतर आले. पहिल्या रात्री कागद कुठे होते, आईने लुगडं फाडलं."